बेचाळीस डिग्रीत कोण चालणार?

सोलापूरच्या नव्या पेठेत संध्याकाळी गाड्या बंद ठेवाव्यात का, यावरून परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. मी 'ठेवाव्यात' म्हटलं, तर लगेच उत्तर आलं, "मालक, तिकडं गारव्यात चालायला काय जातंय? इथं बेचाळीस डिग्रीत चालून दाखवा. सोलापूर म्हणजे युट्रेक्ट नव्हं." चार-पाच अंगठे पडले आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. माझ्या डोक्यातून तो अजून जात नाही.

मी राहतो ते नेदरलँडमधलं युट्रेक्ट तरी कुठे पहिल्यापासून चालण्यासारखं होतं? १९७०च्या दशकात इथे जुन्या शहराभोवतीच्या खंदकाचा काही भाग बुजवून मोटारींसाठी रस्ता काढला होता. तो उखडून खंदकात पुन्हा सलग पाणी यायला २०२० साल उजाडलं. १९७१मध्ये नेदरलँडच्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप मोर्चे काढायला लागले. डेल्फ्टमध्ये गाडीने पायी माणसाच्या गतीनेच जायचं अशा गल्ल्या झाल्या आणि १९७६मध्ये त्यांना कायद्यात जागा मिळाली. हे सगळं भांडून मिळवलेलं आहे, थंड हवेमुळे आपोआप आलेलं नाही. नोव्हेंबरातला इथला आडवा पाऊस खाल्लेला माणूस हवेचं कारण सांगणार नाही.

आणि उन्हाचा विचार करून बांधलेली वस्ती तर आपल्याकडेच होती. बाळीवेशीतल्या आमच्या बोळात समोरासमोर दुमजली घरं. ऐन दुपारची वेळ सोडली तर एका बाजूला सावली असायचीच, म्हाताऱ्या माणसांना टेकायला कट्टे होते. किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना, शाळा, सगळं पायी पाच मिनिटांत, म्हणजे चारशे मीटरच्या आत. पूर्व भागात तर माग आणि घर एकाच छपराखाली. आवाज होता, दाटी होती, ते मला मान्य. पण कामाच्या, शिक्षणाच्या, बाजाराच्या जागा घराजवळ हव्यात, रस्ते अरुंद आणि सावलीचे हवेत, हे आज नगररचनाकार सांगतात ते आपण जगत होतो. मग विजापूर रोडच्या दोन्ही अंगांना शहर पसरवलं, डांबर रुंद केलं, झाडं तोडली, आणि आता म्हणतो ऊन फार आहे.

आमची आई जुळे सोलापुरात राहते. मागच्या उन्हाळ्यात ती इकडे आली होती. दुसऱ्या आठवड्यापासून एकटी कनालस्ट्राट या दुकानांच्या रस्त्यावर जाऊन कोथिंबीर आणायला लागली. डच येत नाही, गुडघा दुखतो, तरी जायची, कारण गल्लीच्या तोंडाशी फूटपाथ तुटत नाही, खाली उतरावं लागत नाही. वळणारी गाडीच फूटपाथच्या उंचीवर चढून हळू पलीकडे जाते. वाटेत बाकावर बसून यायची. तीच आई सोलापुरात भाजीला एकटी जात नाही. फूटपाथवर विजेची डीपी, त्यापुढे लावलेल्या मोटारसायकली, पुढे उघडी गटार. कुणी सोडायला असेल तर जाते, नाहीतर गच्चीवर फेऱ्या मारते.

सोडायला असणारा तो 'कुणी' मी असायला हवा होतो. मी इथे आहे आणि इथेच राहणार, हे आईला माहीत आहे. म्हणून ग्रुपवर "तिकडं बसून शिकवू नका" असं कुणी लिहिलं की मला ते लागतं. पण परदेशी काही मागतच नाही मी. रस्ते कसे बांधावेत याचे निकष ठरवणाऱ्या आपल्याच इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन आहे, फूटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. दत्त चौकातून नव्या पेठेपर्यंत एवढी सलग वाट, वर कडुनिंबाची सावली आणि रस्ता ओलांडायच्या जागी गाड्यांचा वेग कमी करणारा उंचवटा, एवढंच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात येतोय. अंगठे दाखवणाऱ्यांपैकी कुणीही टेप घेऊन माझ्याबरोबर चालावं, कुठे किती वाट उरली आहे ते मोजू आणि तो कागद महापालिकेत देऊन येऊ.