सही घेण्याआधी सांगा की वो, वकीलसाहेब

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

माझ्या मावसबहिणीची लेक दुपारी फाईल घेऊन आली. माहेर वडगाव, इकडे कर्नाटकात; सासर पलीकडे महाराष्ट्रात, गडहिंग्लजकडचं. परवापर्यंत दोन्ही घरं समजुतीला आली होती. पोराने सुट्टीत कुणाकडे राहायचं इथपर्यंत बोलणं झालं होतं. आणि आज सकाळी सासरहून फोन आला, आता बोलणं बंद. का, तर तिच्या घटस्फोटाच्या अर्जात सासऱ्यांवर वाईट नजरेचा आरोप आहे.

पोरगी पांढरीफटक. "मावशी, मी असलं कधी बोललेच नाही वो. माहेरी यायला गाडीभाडंसुद्धा मामंजींनीच दिलं होतं."

अर्ज कन्नडात. ती शाळेत कन्नड शिकली आहे, बाजारात फाडफाड बोलते, पण कोर्टाचं कन्नड वाचणं वेगळं. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. सातव्या पॅऱ्यात ते वाक्य सापडलं. आणि त्याच पानाच्या तळाशी तिची सही, मराठीत.

वकिलांना फोन लावला तर म्हणाले, "केस मजबूत व्हायला घालावं लागतं तसं." कुणाला विचारून घातलंत? सही घेताना दहा मिनिटं बसून मराठीत वाचून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? कोर्टाची भाषा बदला असं मी म्हणत नाही, तो वाद वेगळा, तो आपण जन्मभर घालतोच आहोत. पण वकीलसाहेब घरी मराठीच बोलतात! फी मराठीत मागितली होती!

वकिलांनी तिला सांगितलं होतं, "सहा महिन्यांत मोकळी करतो." सहा महिने असतात ते दोघांच्या संमतीने घटस्फोट मागितला तर. तेही आधी वर्षभर वेगळं राहिल्यावर. ते सहा महिने योग्य प्रकरणात माफही करता येतात, असं सुप्रीम कोर्टाने 2017 सालीच म्हटलंय. भांडून घ्यायचा घटस्फोट किती वर्षं चालेल ते कुठलाही वकील छातीठोक सांगू शकत नाही. मग हेच सांगा ना! "बाई, संमतीने झालं तर लवकर सुटशील, भांडलीस तर पोरगं हायस्कूलला जाईल." ऐकून ती दोन दिवस रडली असती, पण समजून-उमजून निर्णय घेतला असता.

आपल्या भागाचं आणखी एक दुखणं. आपल्या निम्म्या सोयरिकी पलीकडच्या. चंदगड, गडहिंग्लज, आजरा. नवऱ्याने तिकडे केस टाकली, हिने इकडे. बायको राहते तिथे तिला अर्ज करता येतो, ते बरोबरच आहे. पण तिकडची केस इकडे आणायची तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायची म्हणून अर्ज थेट दिल्लीला, सुप्रीम कोर्टात. संकेश्वर ओलांडलं की गडहिंग्लज, आणि त्यासाठी दिल्ली! हे तिला कधी कळलं? पैसे भरून झाल्यावर. सीमाभागात वकिली करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला नको?

मान्य, पक्षकारही वकिलाशी खोटं बोलतात. निम्मं लपवतात, आणि तोंडघशी वकील पडतो. वकिलालाही पोट आहे. तरी फी एकदाच किती, प्रत्येक तारखेला किती, वरचा खर्च कसला, हे कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे? आणि "पोटगी मिळाली की त्यात माझे इतके टक्के" असं कुणी म्हणालं तर सरळ उठून या. वकिलाला तसा हिस्सा ठरवायला बंदी आहे.

रागाने लिहायला बसले होते, पण आता त्या म्हाताऱ्या माणसाचाच विचार येतोय. गडहिंग्लजला घरात बसून सुनेच्या सहीचा तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला असेल त्यांनी. नातवाला खांद्यावर घेऊन स्टँडवर सोडायला आले होते ते. आता वाटत असेल, हिच्या मनात आपल्याबद्दल हेच होतं. तिने फोन केला तर उचलत नाहीत. ती म्हणते, "मावशी, नवऱ्याचं राहू दे. मामंजींना तेवढं कळायला पाहिजे."

उद्या तिला घेऊन कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जातेय. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असली तरी. हेही तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो सातवा पॅरा कोर्टाच्या परवानगीने काढता येईल का, ते आधी विचारणार. गडहिंग्लजकडचं कुणी माझ्या मित्रयादीत असेल आणि त्या घरी शब्द टाकू शकत असेल, तर मला आजच मेसेज करा. नाव-गाव तिथे सांगते.