कंपनी सावरते, पुरवठादार बुडतो

कॉलेजच्या ग्रुपवर आज आमच्या बँकवाल्या मित्रानं बातमी टाकली, कुठल्याशा आजारी कंपनीला नवा मालक मिळाला म्हणून. खाली टाळ्याच टाळ्या. माझं डोकंच फिरलं.

दादाचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, गेलं तेव्हा दादाचे बावीस लाख अडकले होते. थकबाकीच्या दाव्याचा फॉर्म बी भरला, खरेदीच्या ऑर्डरी, बिलं, गेटचा शिक्का मारलेली चलनं, सगळं जोडलं. क्लेम पूर्ण मंजूर झाला. कंपनी नव्या मालकाकडे द्यायचा प्लॅन पास झाल्यावर हातात पडले एकतीस हजार!

का, तर तो 'ऑपरेशनल क्रेडिटर', म्हणजे कर्ज नाही, माल देऊन पैसे अडकलेला. प्लॅन ठरवणाऱ्या देणेकऱ्यांच्या समितीत मत बँकांचं, ६६ टक्के जमले की प्लॅन पास. दादानं आधीच केस का नाही केली, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२० पासून थकबाकी एक कोटीच्या खाली असेल तर एनसीएलटीचं दारच बंद आहे.

मान्य, बीआयएफआर या आजारी कंपन्यांसाठीच्या जुन्या सरकारी मंडळाच्या काळात कंपन्या वर्षानुवर्षं कुजायच्या, २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानं प्रमोटर निदान घाबरले. पण व्हिडिओकॉन आठवा. दावे जवळपास ६५ हजार कोटींचे, आणि तीन हजार कोटींच्याही आतली बोली २०२१ मध्ये मुंबईच्या एनसीएलटीनं मंजूर केली. पुढे अपिलात ती रद्द झाली, ठीक. बँका पाणी सोडायला तयार होत्याच ना?

दादाच्या सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज थकलं की मात्र लगेच फोन. घर तारण आहे. वर त्या बावीस लाखांच्या बिलांवरचा जीएसटी त्यानं खिशातून कधीच भरलाय, पैसे बुडाले म्हणून तो काही परत मिळत नाही.

तो ओरडतही नाही हो. पोरांचे पगार थांबू नयेत म्हणून त्यानं नवं घेतलेलं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, विकलं. टेम्पोत चढवताना खंडेनवमीचा वाळलेला हार मशीनवरच होता, तो काढायला कुणी पुढे होईना. शेवटी वहिनीनं काढला.

कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची २४ महिन्यांची देणी कायदा तारणवाल्या बँकांच्या बरोबरीनं धरतो. मग छोट्या पुरवठादाराची का नाही? प्लॅनमध्येही त्याचे पैसे आधी काढा. बँकेतले मित्र आता कमेंटमध्ये 'क्रेडिट कल्चर' शिकवायला येतीलच. या.