५५ मतं मिळाली, तरी विधेयक पडलं

१८ डिसेंबर २०१०. लहानपणी आईवडिलांबरोबर कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा देणारं 'ड्रीम ॲक्ट' विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, अडलं. बाजूने ५५, विरोधात ४१. आपल्याकडच्या बातम्यांत 'सिनेटने फेटाळलं' एवढंच येतं आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. मुळात ते मतदान विधेयकावर नव्हतंच, चर्चा थांबवायची की नाही यावर होतं. त्याला म्हणतात क्लोचर.

सिनेटमध्ये बहुमताच्या जोरावर चर्चा आटोपती घेता येत नाही, आणि चर्चा संपल्याशिवाय विधेयकावर मतदान होत नाही. ती लांबवून विधेयक अडवण्याला म्हणतात फिलिबस्टर. चर्चा थांबवायची तर आधी १६ सिनेटरांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. मध्ये कामकाजाचा एक दिवस जाऊ द्यायचा, मग मतदान. ६० मतं मिळाली तरी पुढे आणखी ३० तासांपर्यंत चर्चा चालू शकते. शिवाय विधेयक चर्चेला घ्यायचं का, यावरही हीच अडवणूक करता येते. म्हणजे एकाच विधेयकाला दोनदा ६० जमवा.

यातलं काहीही संविधानात नाही. क्लोचरचा नियम १९१७ चा, तेव्हा हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागत. १९७५ मध्ये तो आकडा एकूण सदस्यांच्या तीन पंचमांश, म्हणजे १०० पैकी ६० झाला. ऐकायला ही सवलत वाटते, पण 'हजर' हा शब्द गेला आणि तिथेच घोळ झाला. आता मोजली जातात फक्त 'हो'ची मतं. ड्रीम ॲक्टच्या वेळी चौघं गैरहजर होते. त्यांचं घरी बसणं विरोधातल्या मताइतकंच कामी आलं. अडवणाऱ्यांनी सभागृहात फिरकायचीही गरज नाही. त्यातच १९७० च्या दशकात सिनेटमधले बहुमतवाल्या पक्षाचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी अडलेलं विधेयक बाजूला ठेवून दुसरं काम चालवायची पद्धत आणली. कामाचा खोळंबा टळला, पण अडवणूक फुकटात पडू लागली.

पूर्वी त्याची किंमत मोजावी लागे. १९५७ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलत होते. हेतू निंद्यच, पण सगळ्या देशाला दिसत होतं की कोण अडवतंय आणि कशासाठी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरही दक्षिणेकडच्या सिनेटरांनी महिनोन्‌महिने चर्चेचं गुऱ्हाळ चालवलं. १० जूनला क्लोचरचं मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूतल्या गाठीमुळे बोलू शकत नव्हते. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी बोट डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत 'आय' म्हणजे होकारही आणि डोळाही. ७१ विरुद्ध २९. हजर राहणं म्हणजे काय, ते यातून कळतं.

'फिलिबस्टरमुळे दोन्ही पक्षांना एकत्र यावं लागतं' हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रत्यक्षात बरंचसं महत्त्वाचं काम अर्थसंकल्पाच्या रिकन्सिलिएशन या आडवाटेने रेटलं जातं, कारण तिथे साधं बहुमत पुरतं. पण त्या वाटेने केवळ जमाखर्चाशी थेट संबंध असलेल्या तरतुदीच जातात. म्हणून २०२१ मध्ये तासाला १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद त्यातून वगळावी लागली.

ग्रीन कार्डच्या रांगेतल्या मराठी कुटुंबांनाही सिनेटची ही रीत ठाऊक असायला हवी. प्रत्येक देशासाठी असलेली ७ टक्क्यांची मर्यादा नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांसाठी काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं. सिनेटमध्ये ते एकमताने संमत करून घ्यायचा प्रयत्न झाला आणि एकेका सिनेटरच्या हरकतीवर अडत राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा संमत केला, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच काँग्रेसची, म्हणजे त्या अमेरिकी संसदेची, मुदत संपली.

माझ्या मते उपाय सोपा आहे: भार उलटा करा. चर्चा थांबवायला ६० नकोत, ती चालू ठेवायला ४१ जण सभागृहात हजर हवेत, आणि बोलायलाही हवेत. नियम रीतसर बदलायला दोन तृतीयांशांच्या पाठिंब्याची अडचण येते, पण सभागृहाचं कामकाज चालवणाऱ्या अध्यक्षांचा निर्णय साध्या बहुमताने फिरवून नवा पायंडा पाडता येतो. २०१३ मध्ये बहुतेक नेमणुकांसाठी आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी ६० ची अट अशीच काढली गेली. १९ जानेवारी २०२२ ला मतदान हक्क विधेयकापुरतं 'उभं राहून बोला' हे लागू करायचा प्रयत्न झाला. तो ४८ विरुद्ध ५२ असा पडला. डेमोक्रॅटिक पक्षाचे जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा विरोधकांबरोबर गेले.