प्रॉपर बूट डिव्हाइस

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात दोन ठराव झाले. पहिला : सोसायटीचा कंप्युटर सभेआधी दुरुस्त झाला याबद्दल चौथ्या मजल्यावरच्या काकांचं अभिनंदन. दुसरा : त्याच दुरुस्तीचं ३४० रुपयांचं व्हाउचर नामंजूर, कारण कंप्युटर सेक्रेटरींच्या खाजगी मालकीचा आहे. म्हणजे अभिनंदनाच्या वेळी जो सोसायटीचा होता तो चार मिनिटांत माझा झाला. मी उभं राहून हे दाखवून दिलं. पण तेवढ्यात समोसे आले.

झालं होतं असं. घटस्थापनेच्या सकाळी बटण दाबलं, पंखा घुमला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. एफ१ दाबा नाहीतर एफ२ दाबा. मी एफ२ दाबलं. का, ते विचारू नका. मोबाइलवर ‘अटी मान्य आहेत’ आपण ज्या निष्ठेने दाबतो त्याच निष्ठेने दाबलं. पुढे विंडोज यायच्या जागी एकच ओळ आली : ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. खाली कर्सर लुकलुकत राहिला. सभा सहा दिवसांवर, आणि ताळेबंद आत.

आता ‘प्रॉपर’ या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. मी मूळचा नंदुरबारचा. नाशकात येऊन तीस वर्षं झाली, पण अजून कोणी भेटलं की विचारतं, “तुम्ही प्रॉपर कुठले?” इंदिरानगर म्हटलं की समोरचा मान हलवतो, “नाही, प्रॉपर?” प्रॉपर म्हणजे पंचवटी, रविवार कारंजा, फार तर भद्रकाली. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं ते जो बघायला न जाताच सांगतो, तो प्रॉपर. तर आता माझ्याच घरातलं यंत्र, माझ्याच टेबलावर, मलाच विचारत होतं की यातलं प्रॉपर कोण ते सांगा.

मला येतं तेवढं मी केलं. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून दहा आकडे मोजले. कॅबिनेटची बाजू उघडली. आत धुळीचं एक सबंध घोंगडं आणि पालीची दोन अंडी निघाली. रॅम काढून खोडरबराने घासली, हा उपाय आमच्या भाच्याने दहा वर्षांपूर्वी सांगितला होता आणि तेव्हाही लागू पडला नव्हता. हार्डडिस्कच्या लाल वायरी काढून परत घट्ट बसवल्या. पुन्हा बटण. पुन्हा तेच, प्रॉपर.

तोपर्यंत बातमी लिफ्टमधून वर गेली होती. बायको भाजी आणायला निघाली होती, तिने फक्त “यांचा कंप्युटर बसलाय” एवढंच म्हटलं असं ती सांगते. अर्ध्या तासात चौथ्या मजल्यावरचे काका दारात. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे, नोटांची प्रेस. १९२८ पासून तिथे नोटा छापतात आणि त्यातली बरीच वर्षं आपण एकट्याने सांभाळली असा काकांचा एकूण सूर असतो.

“सेक्रेटरी, ऐकलं ते खरं का?”

“काय ऐकलंत?”

“हिशेब उडाले.”

“हिशेब नाही उडाले काका. कंप्युटर चालू होत नाहीये.”

“सभेच्या आधीच?”

मराठीत ‘च’ हे अक्षर कायद्याने बंद केलं पाहिजे. शिवी दिली तर निदान उत्तर तरी देता येतं. या ‘च’ला उत्तर नाही. ‘सभेच्या आधी’ म्हटलं असतं तर ती सहानुभूती होती. ‘आधीच’ म्हटल्याबरोबर मी चोवीस फ्लॅटच्या मेंटेनन्सचे पैसे घेऊन दुबईला निघालेला माणूस झालो.

काका आत आले, खुर्ची ओढली आणि उघड्या कॅबिनेटसमोर बसले. “आमच्याकडे एक शीट कमी भरली ना, तर हिशेब लागेपर्यंत कोणी घरी जात नसे. कोणी म्हणजे कोणी नाही.” हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता, मदरबोर्डला उद्देशून म्हटलं. मग विचारलं, “यात हिशेब कुठे आहेत?”

मी बोट दाखवलं.

“या डबीत?”

“हो.”

“उघडा.”

“ती उघडत नाहीत काका. आत धुळीचा कण गेला तरी चकती खराब होते.”

“म्हणजे कोणालाच बघता येत नाही.” त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि त्यात काहीतरी लिहिलं. “आणि ही दुसरी डबी?”

दुसरी डबी म्हणजे ८० जीबीची जुनी हार्डडिस्क. भाच्याचा कंप्युटर भंगारात निघाला तेव्हा मी ती काढून माझ्यात लावली. तिच्यात २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो आहेत. रामकुंडावरची गर्दी, गर्दीतली बायको, बायकोच्या पुढे कोणाचं तरी डोकं. काकांनी डायरीत लिहिलं : ‘डबी क्र. २, फोटो (म्हणे).’ ते ‘म्हणे’ मला उलटं बसूनही वाचता आलं.

चहा झाला. काकांनी डबी क्रमांक एकला कान लावला.

“फिरतेय.”

“मिनिटाला ७२०० फेरे.”

“मग फिरतेय तर वाचत का नाही?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी व्याख्यान दिलं. माहिती कमी पडली की माणूस शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळतो. म्हटलं, काका, याला बूट का म्हणतात माहितीये? बूटस्ट्रॅप. म्हणजे स्वतःच्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःला वर उचलायचं. कंप्युटर सुरू करायला प्रोग्रॅम लागतो आणि प्रोग्रॅम वाचायला कंप्युटर सुरू असावा लागतो. म्हणून मदरबोर्डवरची एक छोटी चिप उठते आणि डिस्कचा पहिला कप्पा वाचते. फक्त ५१२ बाइटचा. त्याच्या शेवटी ५५ आणि एए अशी खूण असते. ती दिसली तरच पुढचं.

“खूण!” काका पहिल्यांदा उजळले. “वॉटरमार्क म्हणा ना! उजेडात धरायचा, दिसला तर खरी, नाही तर खोटी.” मग तोच उजेड त्यांनी माझ्यावर धरला. “म्हणजे तुमच्या डबीवरची खूण गेली. कोणी घालवली?”

पुढचा चहा झाला. त्या दोन दिवसांत आमच्याकडे काकांचे सात चहा झाले, बायकोने नव्हे, मी मोजले. व्हाउचरमध्ये मी ते धरले नाहीत, हे सभेतल्या एकाही सभासदाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या चहाला त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. सभेची नोटीस. “ही तुम्ही मला कधी दिलीत?”

“१२ तारखेला. तुमची सही आहे.”

“आणि खाली काय छापलंय?”

मी चष्मा लावला. तळाशी, कंप्युटर आपणहून तारीख टाकतो तिथे, ७ सप्टेंबर होतं.

“मागची तारीख,” काका म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही, हे जास्त वाईट. “चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. म्हणून मागची तारीख.”

आता मी तुम्हालाच विचारतो. १२ ला नोटीस दिली, सभा २८ ला. दोन्ही टोकं सोडून मधले दिवस मोजा. पंधरा भरतात. चौदा लागतात, माझ्याकडे एक शिल्लक आहे. मला पाच दिवस मागे जायचं कारणच काय? हे मी काकांना कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, “तेच मी म्हणतोय. कारण काय?”

खरं सांगायचं तर इथे मला हसू येत नव्हतं. चार वर्षं मी हे फुकट करतोय. टाकी धुणारे, लिफ्टवाले, वॉचमनचा पगार, दुसऱ्या मजल्यावरची गळती कोणाच्या बाथरूमची यावर रात्री अकरा वाजता फोन. खजिनदार महिन्यातले पंधरा दिवस पुण्याला लेकीकडे. दरवर्षी सभेत ‘नवीन सेक्रेटरी कोण?’ म्हटलं की सगळ्यांना आपापल्या मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसतं. आणि मग मागची तारीख. मी त्या संध्याकाळी राजीनाम्याचा मसुदाही केला असता, पण तो टाइप कशावर करणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅबिनेट घेऊन महात्मा गांधी रोडला निघालो तर खाली काका तयार. “मी मागे बसतो, धरायला कोणीतरी हवं ना.” धरायला नव्हे, पुराव्यासोबत मला एकट्याला सोडायचं नव्हतं. जुन्या केशरी चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट काकांच्या मांडीवर आणि पुढे मी, अशी आमची ॲक्टिव्हा मुंबई नाक्याला पोचली. तिथे कालिका मातेची यात्रा. रस्ता बंद, खेळणीवाले, भेळवाले, फुगे, पिपाण्या. वळसा शोधत आम्ही गर्दीत अडकलो तेव्हा एका आजींनी केशरी चादरीकडे बघून हात जोडले. काकांनी, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, मान झुकवून नमस्कार स्वीकारला.

दुकानातला मुलगा बावीस-तेवीसचा. त्याने काकांना ‘सर’ म्हटलं आणि मला ‘काका’. मी चोपन्न वर्षांचा आहे. ते चौऱ्याहत्तरचे.

त्याने कॅबिनेट उघडलं, पालीच्या अंड्यांच्या खुणेकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, “घड्याळ मागे पडत होतं का?”

मी “नाही” म्हणालो आणि काका “पाच दिवस!” म्हणाले, हे एकाच क्षणी. काकांनी नोटीस काउंटरवर ठेवली. मुलाने ती वाचली, हसला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मदरबोर्डवरून नाण्याएवढा एक सेल उचकटला आणि मीटर लावला. तीन व्होल्टच्या जागी १.१.

“सेल संपलाय सर,” तो काकांना म्हणाला. “रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करता का?” अर्थातच करतो, वीजबिल मी भरतो. तर म्हणे, बटण बंद केलं की आतलं घड्याळ या सेलवर चालतं. तो उतरला की घड्याळ रात्री झोपतं आणि सकाळी जिथे झोपलं होतं तिथूनच पुढे निघतं. माझा कंप्युटर रोज रात्री काही तास गमावत पाच दिवस मागे गेला होता. माझं इंटरनेट सगळं मोबाइलवर, त्यामुळे त्याला खरी तारीख सांगणारं कोणी नव्हतं. सेल पुरता झोपला तेव्हा सेटिंगही गेली. कोणती डिस्क आधी विचारायची हेसुद्धा तिथेच लिहिलेलं. उरलंसुरलं मी एफ२ दाबून पुसलं. मग मदरबोर्डने आपल्या मनाने पहिल्या वायरीवरची जुनी डबी धरली, सगळ्यात ज्येष्ठ म्हणून आधी तिला बोलायला दिलं, आणि तिच्याकडे सिंहस्थाच्या फोटोंपलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. असं आमच्या सभेतही होतं, पण तिथे सेल बदलून भागत नाही.

नवीन सेल चाळीस रुपये. सीआर २०३२. मुलाने सांगितलं, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२. काका या गोष्टीने इतके हरखले की त्यांनी दुकानातली पट्टी मागून मोजून पाहिलं. बरोबर भरलं. मग मुलाने तीन-चार बटणं दाबून माझी डबी यादीत वर आणली, विंडोज आलं, ताळेबंद जागच्या जागी. मजुरी तीनशे. “सरांनी तारीख बरोबर पकडली,” मुलगा म्हणाला, “नाहीतर लोक डिस्कच बदलून घेतात.” सर म्हणजे कोण ते आता सांगायला नको.

जुना सेल काकांनी मागून घेतला. घरी येऊन तो पाकिटात घातला, पाकिटावर दोघांच्या सह्या घेतल्या. तो आता सोसायटीच्या फाइलमध्ये आहे.

सभेत त्यांनी उभं राहून स्वतः सांगितलं की नोटिशीवरची तारीख चुकीची असली तरी सेक्रेटरींचा हेतू वाईट नव्हता, हे आपण खात्री करून घेतलेलं आहे. टाळ्या झाल्या. माझ्या बायकोनेही वाजवल्या. त्यानंतरच अभिनंदनाचा ठराव आला, आणि मग व्हाउचर.

इतिवृत्त लिहायचं काम अर्थात माझंच. सकाळपासून त्याच कंप्युटरवर बसलोय, घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर. पहिला ठराव टाइप केला, ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं, आणि मग आठवलं की मी हात वर केला नव्हता. माझ्या हातात तेव्हा व्हाउचर होतं. म्हणून ते खोडून ‘बहुमताने’ केलंय. काका अकराला तपासायला येणार आहेत. येताना चष्मा आणतात.