जहाजावर चढलात की आधी जेवायला पळू नका

मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली आहेत आणि यंदा आपल्या सोलापुरात क्रूझचं भलतंच वारं आहे. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असो नाहीतर सगळ्या चुलत-मावस भावंडांची एकत्र सहल, पूर्वी महाबळेश्वर किंवा गोवा ठरायचं, आता मुंबईहून सुटणारं जहाज ठरतं. आम्ही दिवाळीत जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, वर चढल्यावर पहिल्यांदा काय करायचं? पोहायचा तलाव आधी गाठायचा की शोचं बुकिंग? प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एकच आहे. जहाज सुटायच्या आधीचे जे दोन-तीन तास मिळतात, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना सोबत घेऊन जहाज पायी बघण्यात घालवा. केबिनपासून आपल्या मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात जिथे जमायचं त्या जागेपर्यंत, सगळ्यांनी एकदा तरी जिन्याने चालत जा. बाकी सगळं नंतर.

आपल्याकडचा माणूस हे का करत नाही तेही सांगते. आपण सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून पहाटे सीएसएमटीला उतरतो. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, अगदी जवळ, पण चढायला मिळतं दुपारी. तोवर बॅगा सांभाळत बसायचं, मग टर्मिनलवर तपासणीची रांग, कागदपत्रांची रांग, पोरं रडकुंडीला आलेली, आजोबांची जेवणाची वेळ टळून गेलेली. त्यामुळे जहाजात पाय ठेवला की अख्खं कुटुंब सरळ बुफेकडे धावतं, आणि तिथे हजारभर माणसं त्याच भुकेने आलेली असतात. जेवण होईपर्यंत चार वाजतात, मग डुलक्या, आणि तेवढ्यात ड्रिलची, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या सरावाची, घोषणा होते. कोणीतरी तरुण पोरगा सगळ्यांची कार्डं गोळा करतो आणि म्हणतो, तुम्ही बसा, मी उरकून येतो.

म्हणून मुंबईतच पोटभर खाऊन घ्या. घरून आणलेली कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, जे काही असेल ते टर्मिनलच्या आधी संपवा. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या वर नेऊ देत नाहीत. पोट भरलेलं असलं की बुफेची ओढ राहत नाही आणि ते तास हातात राहतात.

आता हे मस्टरचं इतकं का लावून धरते? 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीत जिलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे चार हजारांहून जास्त माणसं घेऊन निघालेलं जहाज खडकावर आदळलं. 32 माणसं गेली. त्यात शेकडो प्रवासी असे होते, जे त्याच संध्याकाळी चढले होते आणि त्यांचं ड्रिल दुसऱ्या दिवशी ठेवलेलं होतं. नियमात तेव्हा ते बसत होतं, कारण चढल्यापासून 24 तासांत ड्रिल झालं की पुरे, असा नियम होता. अंधारात, कललेल्या जहाजावर त्या लोकांना कुठे जायचं हेच माहीत नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 1 जानेवारी 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घेणं बंधनकारक झालं. जहाज सुटायच्या सुमारास ही घोषणा होते ती याच्यामुळे.

इटली लांब वाटत असेल तर आपल्याच मुंबईच्या पाण्याकडे बघा. 17 जुलै 1947, गटारी अमावस्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आणि अगदी अलीकडे, 18 डिसेंबर 2024 ला, गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीचा अपघात आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितला. कितीतरी जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. मोठी क्रूझ आणि लहान फेरीबोट यांत खूप फरक आहे, क्रूझ कितीतरी सुरक्षित असते, हे मला मान्य आहे. पण आपण पाण्याच्या गावची माणसं नाही. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव एवढंच आपलं पाणी. आपल्या आईला, सासूला, काकूला पोहता येत नाही. कोकणातलं पोर जे बघून बघून शिकतं, ते आपल्या घरात कोणालाच कोणी शिकवलेलं नाही. म्हणून आपल्याला ते चढल्या चढल्या शिकून घ्यावं लागतं.

आमच्या सासूबाईंचं सांगते. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, जिना म्हटलं की नको वाटतं. पण संकटात लिफ्ट वापरायची नसते, म्हणून मी त्यांना म्हटलं, आई, आत्ता एकदा उतरून बघू, हळूहळू. केबिन वरच्या मजल्यावर, जमायची जागा खाली. प्रत्येक वळणावर थांबत आम्ही उतरलो. उतरताना कळलं की त्यांना डाव्या हाताचा कठडा लागतो आणि उजवीकडे कोणीतरी हवं. हे घरी बसून कधीच कळलं नसतं. खाली जॅकेट दाखवणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. म्हणाला, "आजी, आधी पदर कमरेला नीट खोचा, मग डोक्यातून घाला, आणि पट्टा आवळून बांधा. सैल राहिलं तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि माणूस खाली जातो." मग त्याने संकटाच्या भोंग्याचं सांगितलं, सात आखूड आणि एक लांब. सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे जुन्या मिलच्या भोंग्यासारखंच की. तो झाला की सगळी गल्ली उठायची." त्यांच्या वडिलांची अख्खी नोकरी मिलमध्ये गेली. पुढचे सगळे दिवस त्या नातवंडांना विचारत होत्या, सांग, किती आखूड, किती लांब?

हल्ली बऱ्याच जहाजांवर ड्रिल मोबाईलवर आलंय. व्हिडिओ बघा, मग आपल्या जागेवर जाऊन कार्ड स्कॅन करा, झालं. करोनानंतर ही पद्धत जास्त पसरली. सोयीची आहे, गर्दी होत नाही, हे खरं. पण माझ्या मते आपल्यासारख्या कुटुंबांचं तिने नुकसानच केलं आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला मोबाईलवर इंग्रजी-हिंदी व्हिडिओ दाखवून काय कळणार? सोलापुरातल्या कितीतरी घरांत आजी तेलुगू बोलते नाहीतर कन्नड. तिला तिच्या भाषेत, तिच्या शेजारी उभं राहून, त्या जागेवर नेऊनच सांगायला हवं. हे काम कंपनी करणार नाही. टूरवाला तर चढवून देऊन मोकळा होतो. ते घरच्याच माणसाने करायचं असतं.

आणि घरच्या माणसाने म्हणजे दरवेळी सुनेनेच का? हे मला स्पष्ट लिहायचं आहे. आमच्याकडे नाही, पण आजूबाजूला मी तेच बघितलं. पुरुष मंडळी वरच्या डेकवर खुर्च्या अडवून बसलेली आणि एकटी बाई एका हातात बाळ, दुसऱ्या हातात सासऱ्यांची काठी घेऊन मस्टर स्टेशन शोधत फिरतेय. जोड्या घरूनच ठरवा. एका म्हाताऱ्या माणसामागे एक धडधाकट माणूस, एका लहान पोरामागे एक मोठा, नावानिशी. भोंगा झाला की कोण कोणाला घेणार हे तेव्हा विचारायची वेळ येता कामा नये. त्यातही आयांना एक गोष्ट समजावून सांगा, कारण आपला जीव लगेच पोरांकडे ओढला जातो. भोंगा झाला आणि पोरगं जवळ नसेल तर केबिनकडे धावत सुटायचं नाही, मस्टर स्टेशनवर जायचं. मूल किड्स क्लबमध्ये असताना असं काही झालं तर ते लोक त्याला कुठे आणून देतात, हे पहिल्याच दिवशी तिथे जाऊन विचारा. बऱ्याच जहाजांवर लहान मुलांच्या मनगटाला मस्टर स्टेशनचा पट्टा बांधतात, तो पोरं खाज सुटते म्हणून काढून टाकतात, काढू देऊ नका. मुलांच्या मापाचं जॅकेट प्रत्येक मुलासाठी जहाजावर असावंच लागतं. केबिनमध्ये दिसलं नाही तर केबिन सांभाळणाऱ्या माणसाला लगेच विचारा, संकोच करू नका.

केबिनमध्ये शिरलात की आधी दाराची आतली बाजू बघा. तिथे आपल्या जागेचा नकाशा लावलेला असतो. मग बाहेर येऊन बघा, आपल्यापासून जिना कोणत्या हाताला, किती दारं सोडून. बोळ सगळे सारखेच दिसतात, दिवे असताना मोठी माणसंसुद्धा चुकतात. आमच्या भाच्याने दारं मोजत जाण्याचा खेळच केला आणि संध्याकाळपर्यंत तोच सगळ्यांना वाट दाखवायला लागला. बाथरूमला आणि बाहेरच्या डेकच्या दारांना उंच उंबरा असतो. आपल्या घरात हल्ली उंबरेच नाहीत, त्यामुळे पाय उचलायची सवय गेलेली असते. वयस्कर माणसाला हात धरून दोन-तीनदा तो उंबरा ओलांडायला लावा. रात्री जहाज हलत असताना लघवीला उठलेला माणूस तिथेच अडखळतो.

आता जी गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. केबिनमध्ये निरंजन लावायचं नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. आपल्या घरातल्या बायका देव्हाऱ्यातली छोटी मूर्ती सोबत नेतात, सकाळी दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाहीत. मला ती श्रद्धा कळते, माझ्याही घरात तेच आहे. पण समुद्रावर सर्वात मोठी भीती पाण्यापेक्षा आगीची असते. बाहेर पळायला अंगण नसतं. म्हणूनच इस्त्री आणि चहाची किटलीही तपासणीत काढून घेतात. नमस्कार करा, फूल वाहा, जप करा. दिवा घरी परतल्यावर लावा. आणि हे आजीला मुंबईला पोचायच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तिचं मन दुखावत नाही.

औषधांचंही आधीच. मोठ्या बॅगा टर्मिनलवर जमा करतात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधीकधी संध्याकाळ उलटते. शुगरची, बीपीची गोळी, इन्सुलिन, चष्मा, पोरांचे एक जोडी कपडे खांद्याच्या पिशवीतच हवेत. इन्सुलिन ठेवण्याएवढा केबिनमधला फ्रिज गार होईलच असं नाही, जहाजावरच्या दवाखान्यात विचारा. तो दवाखाना कुठे आहे, तेही फिरताना बघून ठेवा. मळमळीची गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी लागते, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिने गुंगीही येते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला गोळी दिल्यावर एकटं फिरू देऊ नका. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागावी, तिथे हेलकावा कमी जाणवतो.

बाल्कनी घेतली असेल तर खुर्च्या-टेबल कठड्यापासून लांब सरकवा आणि मोठं माणूस नसताना दार आतून बंद, हा नियम पहिल्याच तासात पोरांना ऐकवा. पोहायच्या तलावावर बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतो हेही लक्षात असू द्या. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर किनारा सुटल्यावर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल फार येतं. आजोबांच्या फोनचं हे तुम्हीच हातात घेऊन करा. बुफेत जाताना साबणाने हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका, जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला तो पुरेसा पडत नाही. शोचं, रात्रीच्या जेवणाचं बुकिंग एका माणसाकडे सोपवा, तेवढ्यासाठी दहा जणांनी रांगेत उभं राहायची गरज नाही.

एवढं सगळं करायला आम्हाला तासाभराहून थोडं जास्त लागलं, तेही सासूबाईंच्या चालीने. त्यानंतर त्या स्वतःहून जिन्याने वर जायला निघाल्या, पोरं मोकळी सुटली आणि मला कोणाच्याही मागे पळावं लागलं नाही.

आमच्या घरच्यांसाठी मी मराठीत एक पान लिहून नेलं होतं: भोंगा कसा वाजतो, जॅकेट कसं घालायचं, कोण कोणासोबत, कुठे जमायचं. अक्षर मोठं, आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. शेजारच्या वहिनींनी त्याचं तेलुगूही करून दिलंय. ज्यांचं मे महिन्याचं बुकिंग झालं आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवते. त्यात मस्टर स्टेशनची जागा मोकळी सोडली आहे, ती तुमच्या कार्डावर बघून तिथेच पेनने भरा. आणि कोणाला ते कन्नडमध्ये नीट करून देता येत असेल तर मला मेसेज करा. अक्कलकोट रोडच्या एका कुटुंबाला हवं आहे, त्यांच्या आजी पहिल्यांदाच समुद्र बघणार आहेत.