लंडनची जुनी रो-हाउसं: दर्शनी थाट आणि आतली काटकसर

लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरचे फोटो टाकून “काय ती अभिरुची!” म्हणणाऱ्यांशी माझं जरा भांडण आहे. १७७५ ते १७८३ या काळात बांधलेल्या या विटांच्या ओळी देखण्या आहेत, वादच नाही. पण त्या देखणेपणात अभिरुचीइतकाच आगीच्या भीतीचा आणि बांधणाऱ्यांच्या काटकसरीचा हात आहे. ही काटकसर नेमकी कुठे केली हे कळल्याशिवाय तिथल्या भिंतीला थापी लावू नये.

लंडनमधल्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर शहरात बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या करणं सक्तीचं झालं. १७०७ मध्ये छताखालच्या लाकडी नक्षीपट्ट्या बंद झाल्या आणि छप्पर कठड्यामागे गेलं. १७०९ पासून खिडक्या भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत सरकल्या. १७७४ च्या कायद्याने खिडकीची लाकडी पेटी (सरकत्या झडपांची वजनं जिच्यात असतात ती) हीही विटांमागे दडवायला लावली आणि घरांचे चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गातलं घर म्हणजे किंमत ८५० पौंडांच्या वर आणि जागा ९०० चौरस फुटांच्या वर. भिंतीची जाडी वर्गावर ठरे. आज ज्याला आपण जॉर्जियन साधेपणा म्हणतो, त्यातला बराचसा हा असा कायद्याच्या कागदावरून आलेला आहे.

जमीन बेडफर्डच्या ड्यूकांच्या इस्टेटीची, आणि ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. बांधणारे कंत्राटी बिल्डर. त्यांनी पैसा दिसेल तिथे घातला. प्रत्येक ओळीच्या मध्यभागी गिलावा, अर्धस्तंभ आणि वर त्रिकोणी शिखर, म्हणजे लांबून अख्खी ओळ एकच राजवाडा वाटावी. दारांच्या कमानींभोवतीचा तो ‘दगड’ तर दगडच नाही, एलिनॉर कोड यांच्या लँबेथच्या कारखान्यात भट्टीत भाजलेली माती आहे. इतक्या वर्षांच्या पावसात तिची धारही फारशी बोथट झालेली नाही. नकली माल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

आता काटकसर. त्या काळच्या लंडनच्या रो-हाउसांत दर्शनी विटा महाग आणि एकसारख्या, मागच्या स्वस्त आणि ओबडधोबड. पुढच्या दर्जा, म्हणजे विटांमधले मसाल्याचे सांधे, बारीक, मागच्या जाड, त्यामुळे दोन्हीकडचे थर एका पातळीत येतच नाहीत. मग बाहेरून फ्लेमिश बाँड, म्हणजे एक लांब बाजू आणि एक डोकं अशी आलटून-पालटून रचना, दिसावा म्हणून गवंडी विटा मधोमध तोडून त्यांची डोकी पुढे लावत. दिसायला वीट आरपार गेलेली, प्रत्यक्षात अर्ध्या विटेचा पापुद्रा. थर जुळतील तिथेच काय ती पुढच्या-मागच्या विटांची खरी गुंफण. त्यात भिंतीत आडवी लाकडं पुरलेली. ओल लागली की ती कुजतात, वरचं वजन मागच्या बाजूला खचतं आणि पुढचा पापुद्रा पोट काढतो. ओलंबा लावून फुगवटा मोजा, हलक्या हाताने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते पाहा. उपाय म्हणजे पुढचा थर मागच्याला स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या सळ्यांनी शिवणं, आणि जमिनीच्या तुळया भिंतीला समांतर असतील तर पट्ट्यांनी भिंत तुळयांना बांधणं. नुसतं दर्जा भरून फुगवटा जात नाही.

दर्जांचं तर विचारूच नका. मूळ मसाला चुन्याचा, विटेहून मऊ, ओल बाहेर सोडणारा. त्यावर कुणीतरी सिमेंट भरतो. ओल मग विटेतूनच बाहेर पडते, लोणा विटेच्या तोंडाशी साचतो, थंडीत आतलं पाणी गोठून फुगतं आणि विटेचा चेहरा गळून पडतो. सिमेंटची दर्जा मात्र जाळीसारखी शाबूत! आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर हाच प्रयोग चालू आहे, फक्त बर्फ तेवढा नाही.

योग्य काम असं: जुना मसाला छिन्नीने दर्जेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल काढायचा. ग्राइंडर नको, विटांच्या कडा जातात. धूळ झटकून दर्जा ओली करायची. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग चांगली दाणेदार वाळू. मसाला कमी पाण्याचा, घट्ट ठेवून दाबून भरायचा. मग काही दिवस ओलं गोणपाट. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवायचं. खिडकीवरच्या सपाट कमानी घासून बसवलेल्या मऊ विटांच्या असतात, दर्जा जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. तिथे नेहमीच्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका.

आणि आधी कठड्यामागची पन्हळ साफ करा. ती तुंबली की पाणी सामाईक भिंतीत उतरतं, म्हणजे दोन घरांत.

हे मराठीत एवढं लांबलचक लिहायला कारण आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे लंडनमधलं घरही विटांच्या ओळीतलंच, मात्र व्हिक्टोरियन काळातलं. २०१५ मध्ये ते महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. त्या भिंतींच्या दुरुस्तीची निविदा निघेल तेव्हा तिच्यात ‘सिमेंट’ शब्द कुठे येतो, हे आधी वाचावं.