मूळ खातेच अडकले तर?
‘गूगल खात्यातून प्रवेश केल्यास संकेतस्थळाकडे आपला पासवर्ड जातच नाही,’ हे गूगल खात्याने इतर संकेतस्थळांवर प्रवेश करण्याविषयीच्या आपल्या लेखातील विधान बरोबर आहे. अशा प्रवेशासाठीच्या ओपनआयडी कनेक्ट या पद्धतीत संकेतस्थळाला केवळ गूगलची डिजिटल स्वाक्षरी केलेले टोकन, म्हणजे ओळख पटवणारा दाखला, मिळते. मात्र मूळ गूगल खातेच अडकले तर काय, याविषयी लेखात अवाक्षर नाही. सोलापुरात चाटी गल्लीतील आमच्या परिचितांच्या चादरींच्या दुकानाचे गूगल खाते भाच्याच्या मोबाईल क्रमांकावर होते (घरोघरी हेच असते म्हणा). त्याने तो क्रमांक सोडला, दुकानातला फोन बदलल्यावर ओटीपी त्याच बंद क्रमांकावर जाऊ लागला आणि ऐन लग्नसराईत त्याच खात्याने उघडणाऱ्या ऑर्डर, कुरिअर व बिले या तिन्ही संकेतस्थळांची दारे एकदम बंद झाली. पर्यायी ईमेल आणि ओटीपी मिळत नसेल तेव्हा वापरण्यासाठी छापून ठेवायचे बॅकअप कोड यांचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता.